डाग पडलेल्या ध्वजाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा शिवणकाम, आता बंद, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. शरीराबद्दल दाखल्यात त्यांनी काही लिहिलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कोणी भरीस पाडलेलं नाही, धाक दाखवलेला नाही, गोड बोलून काही कबूल करून घेतलेलं नाही. वकिलांनी एक नमुना दिला होता. त्यात 'सदरहू' फार आणि माणसं कमी होती, म्हणून त्यातलं लागेल तेवढंच घेतलं आहे. याआधी केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात माझ्या मुलाचा उल्लेखच नव्हता.

माझे दिवंगत पती नगरपालिकेच्या बँडचे मास्तर होते. त्यांना यापुढे 'मास्तर' म्हटलं आहे. ते होते तोवर मी त्यांना 'अहो' म्हणत असे, पण कायद्याच्या कागदात 'अहो' चालत नाही असं वकील म्हणाले.

कलम १. घर.

राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं फरसबंद अंगण आणि त्यातला नळ, हे सर्व माझ्या मुलीस. ती जवळ राहते, रोज येते, रोज भांडते आणि रोज औषध देऊन जाते. तिने हे घर ठेवावं किंवा विकावं, माझी हरकत नाही. मृत माणसाने हरकत घेऊही नये.

घराच्या पश्चिमेस व दक्षिणेस रस्ता, उत्तरेस बंद गोदाम. पूर्वेस सामाईक भिंत. ही भिंत मूळची कमरेएवढी होती, आता माणसाच्या डोक्यावर आहे. वरचं बांधकाम शेजाऱ्यांनी मला न विचारता केलं. अर्धी भिंत माझी, त्यामुळे ते उतरवून मागण्याचा हक्क घराबरोबर मुलीकडे जातो. तिने तो वापरावा की नाही हे मी सांगत नाही. पण भिंत का वाढली ते लिहून ठेवते, कारण उद्या घर घेणारा विचारेल आणि मुलगी रागावून अर्धवटच सांगेल.

राष्ट्रीय दिनाला मास्तर सकाळी मैदानावर कॉर्नेटवर राष्ट्रगीत वाजवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पिशवी घेऊन फिरत. आदल्या दिवशी मुलांच्या हातात दिलेले काडीवरचे कागदी झेंडे तोवर गटारात, बाकांखाली, चाकांखाली गेलेले असत. ते दिसेल तो झेंडा उचलत. मी म्हणायचे, एवढं वाकायचंच होतं तर सफाई खात्यात लागायचं होतं, पेन्शन तरी बरी बसली असती. ते हसत, पण पिशवी काही माझ्या हातात देत नसत. घरी आणून झेंडे पुसत, सरळ करत, काड्या काढून ठेवत. ध्वजाच्या नियमात लिहिलं आहे की फाटका, मळका ध्वज कचऱ्यात टाकू नये, काही पुसायला घेऊ नये; खाजगी जागेत, आदराने, संपूर्ण जाळावा. मास्तर अंगणात घमेलं मांडत, बँडचा कोट घालत, ते झेंडे पेटवत आणि राख निवेपर्यंत टोपी काढून उभे राहत. मग आत येऊन चहा गार झाला म्हणून कुरकुरत. मला यात कधी काही विशेष वाटलं नाही. कोणाचा नवरा पत्ते खेळतो, कोणाचा कबुतरं पाळतो.

त्या वर्षी रात्रभर वारा सुटला होता. दुकानांवरच्या कापडी पताकाही खाली आल्या होत्या, त्यामुळे पिशव्या जास्त भरल्या आणि धूरही जास्त झाला. पूर्वेकडचे शेजारी गच्चीवर होते. त्यांना मी भाऊजी म्हणत असे. त्यांनी गच्चीवरून फोनवर चित्रण केलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'मास्तर हे काय करतायत?' पुढे प्रश्नचिन्ह होतं. ते मी पुढे कोर्टात पाहिलं. गल्लीच्या ग्रुपवरून ते दुसरीकडे गेलं तेव्हा प्रश्नचिन्ह गळून पडलं. तिसरीकडे गेलं तेव्हा मास्तरांच्या आधी शिवी लागली. आमचं दुपारचं जेवण व्हायच्या आत दारात माणसं होती.

मास्तरांनीच दार उघडलं. कोट अंगात होता. एकाने विचारलं, झेंडा जाळला का? ते म्हणाले, "हो, जाळले." त्यांना जे विचारलं त्याचंच उत्तर द्यायची सवय होती. मग ते म्हणाले, "थांबा, चष्मा आणतो. नियम वाचून दाखवतो." आणि आत वळले. मागून कोणीतरी ओरडलं की पळतोय.

त्यांना कोटाला धरून बाहेर ओढलं. एकाच्या हातात काठीला बांधलेला कापडी ध्वज होता. त्या काठीचा पहिला फटका मास्तरांच्या तोंडावर बसला. मी मशीनवरून उठून धावले, तर एका तरुण माणसाने मला दंडाला धरून बाजूला केलं. "मावशी, तुम्ही आत जा, तुम्हाला लागेल," असं म्हणाला. आवाज चांगल्या घरातला होता, काळजीचा होता. त्या दिवसातलं बाकी सगळं मला कधी ना कधी कळलं, तो आवाज अजून कळलेला नाही.

मास्तरांचा जबडा मोडला, समोरचे दात गेले, वरचा ओठ फाटला.

भिंत तेव्हा कमरेएवढी होती. तिच्यावरून भाऊजींनी आमच्याकडून साखर नेली, शिडी नेली, थर्मामीटर नेला, त्यांच्या मुलीच्या लग्नाला खुर्च्या नेल्या. 'मास्तर, काय चाललंय?' एवढी हाक तिच्यावरून घातली असती तर मास्तरांनी उत्तर दिलं असतं. लांबलचक दिलं असतं, ऐकता ऐकता भाऊजींना कधी एकदा निसटतो असं झालं असतं. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार एवढीच आहे. ती लहान नाही.

मास्तर दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात गवंडी लागला आणि भिंत वर गेली. भाऊजी दिसेनासे झाले.

कलम २. शिल्लक.

पोस्टात आणि बँकेत जे काही निघेल ते सगळं मुलास. मुलीला हे मी आधीच सांगितलं आहे आणि ती चार दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं असं की ज्याने वडिलांना संकटात सोडलं त्याला काही नको. मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

मुलगा परगावी सरकारी कचेरीत होता. घटनेनंतर तो दोन दिवसांत आला. येताना टाइप केलेला माफीनामा घेऊन आला. ज्यांनी पोलिसांत तक्रार दिली होती त्यांना तो भेटला होता; सही मिळाली तर तक्रार मागे घेतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. मास्तरांचा जबडा तारांनी बांधलेला, म्हणून ते मुलीच्या लहानपणच्या पाटीवर लिहून बोलत.

मुलगा दवाखान्यातल्या खाटेजवळ बसला. "बाबा, चार ओळी आहेत. सही करा आणि मोकळे व्हा," असं म्हणाला. त्या चार ओळींत लिहिलं होतं की माझ्या हातून नकळत राष्ट्रध्वजाचा अवमान झाला, त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो.

मास्तरांनी वाचलं आणि पाटीवर लिहिलं, 'नकळत नाही. कळून केलं.'

मुलाने समजावलं की हा फक्त शब्द आहे, उद्या कोणाच्या लक्षातही राहणार नाही. मास्तरांनी पुसून लिहिलं, 'अवमान झाला नाही. झाला नाही ते कसं लिहू?'

मग मुलाचा तोल गेला. कचेरीत लोक त्याच्याशी बोलेनासे झाले होते, घराच्या दारावर कोणीतरी रंगाने काहीतरी लिहिलं होतं, सून मुलांना घेऊन माहेरी गेली होती. हे सगळं त्याने तोवर आम्हाला सांगितलं नव्हतं. ते सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला झेंडा राखता आला, बाबा. आम्हाला मात्र तुम्ही राखलं नाहीत."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मुलाने पाटी त्यांच्या हातातून घेतली, शर्टाच्या बाहीने पुसली, खाटेवर ठेवली आणि गेला. त्यानंतर तो आला तो मास्तरांच्या अंत्यविधीलाच.

त्या खोलीत मीही होते. मला दोघंही बरोबर वाटत होते आणि दोघांचाही राग येत होता. मास्तरांनी सही केली असती तर मी त्यांना दोष दिला नसता. केली नाही म्हणूनही देत नाही. मुलगा भ्याला होता. ज्याच्या दारावर लोक रंगाने लिहून जातात त्याने भिऊ नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून शिल्लक त्याची. मुलीने यावर कोर्टात जाऊ नये. या घरातून एकदा कोर्टात जाऊन झालं आहे.

कलम ३. शिवणाचं सामान.

पायमशीन, इस्त्री आणि कापड कापायचं मोठं टेबल, हे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीस. आम्ही तिला 'लांब टाका' म्हणायचो, कारण तिला घाई असे. आता तिचं स्वतःचं दुकान आहे आणि टाके अजून लांबच आहेत, तरी गिऱ्हाईक टिकून आहे. घटनेनंतर माझा शिवणवर्ग रिकामा झाला. एकेकीची आई येऊन परीक्षा, प्रकृती, पाहुणे अशी कारणं सांगून पोरीचं कापड घेऊन गेली. लांब टाका मात्र लग्न होऊन गेलेली असूनही रोज दुपारी येऊन रिकाम्या वर्गात बसत असे, मला शिकवायला कोणीतरी हवं म्हणून.

मोठी कात्री माझ्या नणंदेस. तिने ती वारंवार मागून नेली, तिने पुठ्ठे कापले आणि बोथट करून परत दिली. भाऊ दवाखान्यात असताना ती मला भेटायला आली आणि घराण्याला काळिमा लागला, अंगणातल्या असल्या उद्योगांना तूच आडवं यायला हवं होतंस, असं ऐकवून, केळं खाऊन गेली. कात्रीला धार लावून देऊ नये.

कलम ४. कॉर्नेट.

मास्तरांचं कॉर्नेट बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यास. नगरपालिकेने मागितलं तरी देऊ नये. निकालानंतर त्यांनी दोनदा मागितलं आहे, काचेच्या कपाटात ठेवायला.

ध्वजाच्या अवमानाचा खटला मास्तरांवर चालला तेवढा काळ ते कामावरून दूर होते, आणि खटला संपला तेव्हा ओठात जोर राहिला नव्हता. वाद्य तोंडाला लावलं की नुसती हवा जाई. नगरपालिकेने मैदानावर भोंगे लावले आणि राष्ट्रगीत त्यावरून वाजू लागलं. पुढच्या राष्ट्रीय दिनाला त्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. मास्तर शेगडीपाशी उभे होते ते तसेच ताठ झाले, हात बाजूला. मीही उठले. मुलगी पाटावर बसून राहिली.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही राहा उभे. मी नाही राहणार."

मास्तर गीत संपेपर्यंत हलले नाहीत. तोवर दूध उतू गेलं. मग त्यांनी फडकं घेऊन शेगडी पुसली आणि तिला एवढंच सांगितलं की बसून होतीस तर दूध तरी बघायचंस. ती रडली. त्यानंतर त्या दोघांत या विषयावर कधी बोलणं झालं नाही. ती पुढेही कधी उभी राहिली नाही आणि मास्तरांनी कधी विचारलं नाही.

बँडमधली बाकीची माणसं रस्त्यात मास्तर दिसले की दुकानात शिरत. क्लॅरिनेटवाला दर सोमवारी उघड उघड पुढच्या दाराने येई. मागच्या पायरीवर बसून तो वाजवी, आणि मास्तर कॉर्नेट मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर नुसती बोटं दाबत. आवाज नाही, फक्त कळांचे खटके. मी आत मशीनवर बसून ते ऐकत असे. कुठे चुकलं तर मास्तर थांबत, आणि क्लॅरिनेटवाला मागे जाऊन पुन्हा घेई.

अट एकच. कॉर्नेट वाजलं पाहिजे. क्लॅरिनेटवाल्याने ते अशा माणसाला द्यावं ज्याच्या ओठांत दम आहे. कोणाला, ते त्याने ठरवावं.

कलम ५. सायकल.

मास्तरांची सायकल समोरच्या सायकलवाल्यास. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या लागलेल्या असताना त्याने शटर अर्धं वर केलं, मास्तरांना काखेत धरून आत ओढलं आणि शटर खाली घेतलं. मग बाहेरून शटरवर लाथा बसत असताना आत बसून त्यांच्या तोंडाला स्वच्छ फडकं दाबून धरलं. पुढे कित्येक महिने त्याच्याकडे कोणी पंक्चरसुद्धा काढून घेतलं नाही. त्याला हे कलम आवडणार नाही. त्याने मला बजावलं आहे की या गोष्टीचा गाजावाजा करू नका, गर्दीच्या रेट्याने शटर मोडेल म्हणून मी ते उघडलं होतं. त्याचं म्हणणं नोंदवलं आहे. सायकल त्याचीच.

कलम ६. ध्वज.

हे कलम मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं आहे.

मास्तरांना मारताना त्या काठीवरचा ध्वज सुटून खाली पडला. तो पायदळी आला. ज्यांचे पाय होते त्यांनी खाली पाहिलं नाही; ते कशासाठी आले होते हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. गर्दी पांगल्यावर मी तो उचलला. मास्तरांच्या रक्ताने तो एका बाजूने भिजला होता. मी त्यांच्या उशाशी ठेवला तेव्हा त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, 'थंड पाण्यात भिजव. गरम नको.' शिवणारीला हे सांगावं लागत नाही, पण मी भिजवला. माती गेली, रक्ताचा तपकिरी डाग राहिला. कडेची शिवणही उसवली आहे.

असा ध्वज लावता येत नाही. नियमाप्रमाणे तो खाजगी जागेत, आदराने, संपूर्ण जाळला पाहिजे. मास्तर निर्दोष सुटले त्या दिवशी न्यायाधीशांनी हाच नियम मोठ्याने वाचला आणि म्हणाले की आरोपीने यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही. मुलीने निकालाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तो कोणी पुढे पाठवला नाही.

मला वाटलं होतं, निकालानंतर मास्तर ध्वजाचं काम आटोपतील. एका सकाळी त्यांनी घमेलं मांडलं, कोट घातला, ध्वज घडी करून आत ठेवला. काडेपेटी हातात घेतली. मी दारातून पाहत होते. मग त्यांनी वर पाहिलं, शेजारच्या गच्चीकडे, समोरच्या खिडक्यांकडे, गोदामाच्या छपराकडे. ध्वज उचलून आत आणला आणि माझ्या हातात दिला. "आज वारा आहे," म्हणाले. पान हलत नव्हतं.

त्यांनी पुन्हा घमेलं मांडलं नाही. राष्ट्रीय दिनाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जाणंही बंद झालं. त्या दिवशी ते रस्त्याकडची खिडकी लावून घेत, म्हणजे खाली पडलेलं काही दिसू नये. त्या माणसांनी मास्तरांचे दात घेतले, वाजवणं घेतलं, हे कोर्टात आलं. पुढचं मात्र कोर्टात आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मास्तर शेवटपर्यंत झेंड्याला भिऊन राहिले.

ते गेल्यावर मी एकदा प्रयत्न केला. काडी ओढली आणि बाहेर एक स्कूटर थांबल्याचा आवाज आला. स्कूटर समोर पंक्चर काढायला आली होती. तरी मी काडी फुंकून टाकली. ध्वज पुन्हा कपाटात गेला.

एका पक्षाचे लोक तो मागायला आले होते. त्यांना डाग दिसेल असा मंचावर लावायचा होता. दुसऱ्या पक्षाचे लोक आले, त्यांना तो घेऊन जाऊन, झालं गेलं 'पोटात घालून' विषय मिटवायचा होता. मी दोघांनाही दारातूनच वाटेला लावलं. मुलगी म्हणते, तो जपून ठेवायचा, तो पुरावा आहे. मुलाने फोनवर सांगितलं की सरकारजमा करून पावती घ्यावी. दोघांचंही मी ऐकलेलं नाही.

माझी व्यवस्था अशी. मी गेल्यानंतर मुलाने आणि मुलीने मिळून तो ध्वज आमच्या अंगणात, दिवसाउजेडी, नियमाप्रमाणे जाळावा. दोघांनी. एकाने एकट्याने नाही. त्या वेळी मुलीने उभं राहिलंच पाहिजे असं नाही. तिला वाटलं तर तिने बसावं.

पुढचं दार उघडं ठेवावं की बंद, यावर मी फार दिवस घालवले. नियम म्हणतो खाजगी जागा. पण आम्ही दार लावूनच हे करत होतो आणि लोकांना ते चोरून केल्यासारखं दिसलं. उघडं ठेवलं तर तमाशा होईल. म्हणून दार लावावं, पण आदल्या दिवशी दोघांनी पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या दारात जाऊन सांगावं की उद्या आम्ही आमच्या वडिलांचा राहिलेला ध्वज जाळणार आहोत, तुम्हाला यायचं असेल तर या. आले तर त्यांनी गच्चीवर नाही, अंगणात उभं राहावं. नाही आले तर त्यांच्यासाठी थांबू नये.

ज्या कामाने वडिलांचं तोंड फुटलं तेच काम मी मुलांवर टाकते आहे, हे मला कळतं. रात्री नव्हे, भरदिवसा कळतं, आणि तरी टाकते आहे. दोघांपैकी कोणालाही भीती वाटली तर करू नये; हे कलम मोडलं म्हणून त्यांचा वाटा कमी होणार नाही. मात्र तो ध्वज माझ्या देहासोबत देऊन मोकळं होऊ नये. तसं करणं नियमात बसत नाही.

कलम ७. मी.

अंत्यविधी साधा करावा. भाषण नको. नगराध्यक्ष आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी, बोलायला देऊ नये.

साक्षीदारांविषयी.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. सायकलवाला, क्लॅरिनेटवाला, लांब टाका, ज्यांना मी बोलावलं असतं त्या सगळ्यांना मी काही ना काही देऊन बसले. पहिले साक्षीदार डॉक्टर झाले. दुसरा असा माणूस हवा होता ज्याला मी काहीही देत नाही. तसा एकच माझ्या डोळ्यांपुढे आला.

आज सकाळी मी काठी घेऊन रस्त्याने वळसा घालून पूर्वेच्या घरी गेले. इतक्या वर्षांत तो उंबरा ओलांडला नव्हता. भाऊजींनी दार उघडलं. फार म्हातारे झालेत. मी त्यांना सांगितलं की मला मृत्युपत्रावर साक्षीदार हवा आहे, आणि तुम्हाला मी काहीच ठेवलेलं नाही, तेव्हा तुम्ही चालाल. त्यांनी पायात चपला घातल्या आणि माझ्या मागून आले.

साक्षीदाराला मजकूर ठाऊक असण्याची गरज नसते. मी तरीही पहिल्या ओळीपासून सगळा मोठ्याने वाचला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. भिंतीचं कलम झाल्यावर भाऊजींनी मला हाताने थांबवलं. ते म्हणाले, गवंडी लावला तो मास्तर दिसू नयेत म्हणून. ते रोज अंगणात येऊन नळावर तोंड धूत, आणि ते तोंड मला बघवत नव्हतं. मी विचारलं, हे लिहू का? ते म्हणाले, लिहा. म्हणून लिहिलं आहे. त्यांना क्षमा केली असं मात्र मी लिहिलेलं नाही, आणि त्यांनी मागितलेलीही नाही.

सहावं कलम वाचून झालं तेव्हा ते मान खाली घालून बसले होते. सातवं ऐकलं की नाही कोण जाणे. मी कागद सारखे केले तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, मी आलो, तर मुलं मला आत घेतील का?"

मी म्हणाले, "ते मला माहीत नाही, भाऊजी. घर माझं होतं, ते मी लिहून देऊ शकते. हे नाही देता येत."

ते बसले आहेत. डॉक्टरांना दवाखान्यात परत जायचं आहे. आता या दोघांच्या देखत मी सही करते, आणि त्यानंतर माझ्या देखत ते करतील.

मृत्युपत्र करणार: (सही) बँडमास्तरांची पत्नी

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर, गल्लीच्या तोंडचा दवाखाना. बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरे: (सही) पूर्वेकडचे शेजारी. संपूर्ण मजकूर मला वाचून दाखवला. सातवं कलमही ऐकलं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: तीन नोव्हेंबर, रविवार